ठावठिकाणा माहीत नाही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. फळवाल्यानं न मागता चांगला आंबा काढून दिला, तरी मी तो उलटा करून बघते. तीस वर्षं शाळेत मुलींना भूगोल शिकवला, आणि कॉपी करणारी मुलगी मी पाठमोरी ओळखायची. आमचे हे म्हणतात, "कालिंदी, तू पोलिसात जायचीस, चुकून शाळेत गेलीस." म्हणू देत. माझा संशय सहसा चुकत नाही असं मला वाटायचं, आणि दिगंबर खांबेट्यांची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

आम्ही मोडक तीन पिढ्यांचे कलकत्त्याचे. भवानीपूरचं आमचं घर म्हणजे इथल्या मराठी माणसांचं पोस्ट ऑफिसच. केंद्र सरकारचे, बँकांचे अधिकारी यायचे, तीन वर्षं राहायचे, आणि बदली झाली की जाताना सांगायचे, "वहिनी, तिकडे घर मिळेपर्यंत टपाल तुमच्याकडेच येऊ दे हं." घर मिळालं तरी कोणी पत्ता बदलायचं नाव काढत नसे. 'द्वारा श्री. श्यामकांत मोडक' अशी महिन्याला चाळीस-पन्नास पत्रं यायची. मी ती नावाप्रमाणे लावायची, नवा पत्ता घालायची आणि दर शनिवारी पेटीत टाकून यायची. विम्याची नोटीस असो की मुंजीची पत्रिका, माझ्या हातून एक कागद कधी गहाळ झाला नाही. सगळे मला टपालवहिनी म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

दिगंबरराव एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी कचेरीत भांडारपाल होते. उंच, जरासे वाकलेले, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. मोजायचं भारी वेड. आमच्या मंडळाच्या गणपतीत भांडी त्यांच्या ताब्यात असायची. एकशेवीस वाट्या मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, आणि एक जरी कमी भरली तरी पंगत उठू द्यायचे नाहीत. कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली. त्यांची बायको वृंदा चेष्टेनं म्हणायची, "लग्नात अंगावर अक्षता किती पडल्या, तेही सांगतील विचारलंत तर." ते हसायचे नाहीत. खरंच आठवून बघतायत असं वाटायचं.

सत्तर सालच्या जानेवारीत ते वडिलांचं श्राद्ध करायला गयेला गेले. तीन दिवसांची रजा. परत आले त्याच आठवड्यात भांडाराची तपासणी झाली आणि पितळी होकायंत्रांची अख्खी पेटी रिकामी निघाली. चौदा होकायंत्रं, परदेशी बनावटीची. पोलीस आले, दिगंबररावांना घेऊन गेले. तेवीस दिवस आत ठेवलं. जामिनावर सुटले ते नोकरीवरून निलंबित होऊनच. सरकारी क्वार्टर गेलं, आणि दोघं नवरा-बायको बागबाजारात एका खोलीत राहायला गेले.

मला विचाराल, तर मला धक्का बसला नाही. मी मनात म्हटलं, जो माणूस एवढा मोजतो, त्याला काय कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं. आता हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण तेव्हा असंच वाटलं. आणि मी एकटी नव्हते. मंडळाच्या बैठकीत कोणी काही बोललं नाही, फक्त भांड्यांच्या कपाटाला नवं कुलूप आणायचं ठरलं. किल्ली माझ्याकडे आली. मी ती घेतली.

सुटल्यावर दिगंबरराव एकदा आमच्याकडे आले. चहा घेतला. आमच्या ह्यांनी विचारलं, "नक्की झालं तरी काय?" तर म्हणाले, "वकिलांनी सांगितलंय, खटला चालू असताना कोणाशी काही बोलायचं नाही. कोर्टात सगळं निघेल. चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे." आणि गप्प बसून राहिले. निर्दोष माणूस असा गप्प बसतो? मी असते तर घसा फुटेपर्यंत ओरडले असते.

चार-सहा महिन्यांचं वर्ष झालं. एकाहत्तरमध्ये पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं, आणि तेव्हापासून दिगंबरराव आमच्या घरी यायचे एकदम बंद झाले. अगदी एकदम. संक्रांतीला वृंदा तिळगूळ घेऊन आली. मी खिडकीतून बघते तर दिगंबरराव रस्त्याच्या पलीकडे दिव्याच्या खांबापाशी उभे.

"वर या म्हणावं त्यांना," मी म्हटलं.

"नको वहिनी. ते नाही यायचे."

"का बरं? आम्ही काही खातो का?"

"ते सांगत नाहीत, आणि मला सांगू देत नाहीत," वृंदा म्हणाली आणि पदराशी चाळा करत बसली.

पुढे एस्प्लनेडला ट्राममधून उतरताना समोरासमोर गाठ पडली. मी हाक मारली, "दिगंबरराव." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि भराभर रस्ता ओलांडून पलीकडे गेले. एक टॅक्सी त्यांच्या अंगावरच यायची. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "बघा, तोंड लपवतोय. चोराच्या अंगात असतं ते." हे नुसते हं म्हणाले. ह्यांचं हं म्हणजे काय ते चाळीस वर्षांत मला कळलेलं नाही.

मग बहात्तर साली कोर्टाचा शिपाई आमच्या दारात आला. हातात समन्स. नाव श्रीकांत ओगले, द्वारा श्यामकांत मोडक.

श्रीकांतराव ओगले कोण ते सांगते. दिगंबररावांच्याच कचेरीतले, त्यांच्यावरचे अधिकारी. होकायंत्रं गेली त्याच वर्षी त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत गेले. आज आसामात, उद्या ओरिसात, तंबूतलं जगणं. जाताना सगळीकडे माझाच पत्ता देऊन गेले होते. त्यांची पत्रं मी दर शनिवारी जिथे असतील तिथे पाठवायची. त्यांचंही दिवाळीचं पत्र न चुकता यायचं.

समन्स मी वाचलं. सरकार विरुद्ध दिगंबर खांबेटे. श्रीकांतरावांच्या नावापुढे लिहिलं होतं, सरकार पक्षाचे साक्षीदार. म्हणजे पोलिसांच्या बाजूचे, मी मनाशी धरलं. यांनी काहीतरी पाहिलेलं असणार. एक मराठी माणूस कलकत्त्याच्या कोर्टात उभा राहून दुसऱ्या मराठी माणसाला तुरुंगात घालणार. आधीच इथे आमच्या नावानं बोटं मोडतात. दोनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्या, त्या बंगालनं अजून विसरलेल्या नाहीत; त्या मराठा स्वारांना इथे बर्गी म्हणतात. दिगंबररावांना धरून नेताना फौजदार हसून म्हणाला होता, "बर्गी पुन्हा आले वाटतं लुटायला." हे वाक्य मला फार लागलं होतं. शाळेत माझ्या पाठीमागे कोण काय बोलतं याकडे मी तेव्हापासून कान लावून असायची.

म्हणून मी ठरवलं. चोरी केली असेल तर त्याचं तो बघून घेईल, पण आपल्या माणसाला आपल्याच माणसाच्या तोंडून शिक्षा नको. मी शिपायाकडून पेन घेतलं आणि समन्सच्या पाठीवर माझ्या शाळेच्या वळणदार इंग्रजीत लिहिलं: हे गृहस्थ या पत्त्यावर राहत नाहीत, सध्याचा ठावठिकाणा माहीत नाही. शिपायानं कागद घेतला आणि निघून गेला. त्याच शनिवारी मी श्रीकांतरावांना त्यांच्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका पाठवली, नवा पत्ता घालून.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. मी उपकार करतेय असं मला वाटत होतं. दिगंबररावांवर, श्रीकांतरावांवर आणि एकूण आपल्या सगळ्यांवर. उपकार केल्याचा आनंदसुद्धा झाला, तोही लपवत नाही.

समन्स पुन्हा आलं त्र्याहत्तरमध्ये, मग पंचाहत्तरमध्ये, मग सत्त्याहत्तरमध्ये. चारही वेळा मी तेच लिहिलं.

मधल्या काळात खटल्याचं काय चाललंय ते वृंदाकडून कळायचं. मॅजिस्ट्रेट बदलले. शहरात बॉम्ब फुटत होते तेव्हा कोर्ट आठवडेच्या आठवडे रिकामं असायचं. मग वकिलांचा संप. मग कागदपत्रांचा गठ्ठा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला तो सात महिने सापडलाच नाही. मग नवे मॅजिस्ट्रेट म्हणाले, साक्षीदार क्रमांक तीन कुठे आहे? त्याला हजर करा. पुढची तारीख. दिगंबरराव प्रत्येक तारखेला सकाळी दहाला जाऊन बाकावर बसायचे. तापानं फणफणत असतानाही गेले होते. त्यांचे वकील निर्मलेंदुबाबू म्हणायचे, "अहो, तुम्ही घरी थांबा, मी हजेरी देतो." पण दिगंबरराव ऐकायचे नाहीत.

हे ऐकूनही माझा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. मला वाटायचं, हाच पेशकाराला, म्हणजे कोर्टातल्या कारकुनाला, चिरीमिरी देऊन तारखा घेत असेल. निकाल लागला तर तुरुंग, आणि लांबत राहिला तर मोकळा. मी वृंदाला एकदा आडून विचारलंही, "तारखा कोण मागतं गं?" ती म्हणाली, "ते रोज देवापुढे बसून एवढंच मागतात वहिनी, की आता एकदा चालू दे. काय व्हायचं ते होऊ दे, पण कोणीतरी ऐकून घेऊ दे." मी मनात म्हटलं, नाटक. तिचं नाही, त्याचं.

एकोणऐंशी साली पेपरात बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या यायला लागल्या. खटला न चालताच वर्षानुवर्षं आत पडलेली माणसं. लवकर खटला चालणं हा आरोपीचा हक्क आहे असं दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं म्हटलं. निर्मलेंदुबाबूंनी ते कात्रण कापून ठेवलं आणि वरच्या कोर्टात अर्ज केला. पावसाळ्यात निकाल आला. नऊ वर्षांत सरकारला साक्षीदार उभा करता येत नसेल, तर माणसाला असं लटकत ठेवता येणार नाही. खटला इथेच बंद.

वृंदा पेढे घेऊन आली. रडत होती. मी म्हटलं, "अगं, सुटले ना? मग?" तर म्हणाली, "ते खूश नाहीत. वकिलांना विचारत होते, संपला म्हणजे काय? मी चोरी केली की नाही केली, ते कोण सांगणार? वकील म्हणाले, ते आता कोणीच सांगणार नाही." दोनच महिन्यांपूर्वी त्यांना अठ्ठावन्न वर्षं पुरी झाली होती, म्हणजे निवृत्तीचं वय. म्हणजे कचेरीत परत जाऊन मान वर करून बसायची सोयही उरली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी, सकाळी नवाच्या सुमारास, दारावर टकटक झाली. दिगंबरराव. काखेत कागदांची पिशवी. चष्म्याच्या काडीला अजून दोराच. आठ वर्षांनी ते आमचा जिना चढले होते.

"एकवीस पायऱ्या," ते म्हणाले. "मला वाटत होतं बावीस आहेत."

आमचे हे घरी नव्हते. मी त्यांना बसायला सांगितलं, चहा ठेवला. बाहेर येऊन सरळ विचारलं, कारण मला राहवेना. "आज कसं येणं केलंत? इतकी वर्षं आमचं घर वर्ज्य होतं तुम्हाला."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "तेव्हा सांगता येत नव्हतं. जामिनाची अट होती वहिनी. साक्षीदाराला भेटायचं नाही, त्याच्या पत्त्यावर जायचं नाही, त्याची चौकशी करायची नाही. मोडली तर जामीन रद्द. आरोपपत्रात श्रीकांतरावांचा पत्ता तुमच्या घराचा होता. मग मी कसा येणार? तुमच्याशी रस्त्यात बोललो असतो, तरी कोणी म्हणालं असतं की साक्षीदाराचा माग काढतोय."

मी स्वयंपाकघरात गेले. चहा उतू गेला होता. तो पुसला, पुन्हा ठेवला, आणि तिथेच कट्ट्याला धरून उभी राहिले. आठ वर्षं मी त्या दिव्याच्या खांबाकडे बघून काय काय ठरवत आले होते.

चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "आता अट राहिली नाही. म्हणून आलो. श्रीकांतरावांचा पत्ता द्या. त्यांना एकच विचारायचंय, तुम्ही आला का नाहीत?"

"ते पोलिसांचे साक्षीदार ना?" मी म्हटलं. 

"पोलिसांच्या यादीत होते, कारण तपासणीच्या वेळी हजर होते. पण गयेला निघालो त्या संध्याकाळी भांडार मी त्यांच्या ताब्यात दिलं होतं. त्यांनी स्वतः मोजलं. चौदा. जानव्याला बांधलेली भांडाराची किल्ली सोडून मी त्यांच्या हातावर ठेवली. ताबा घेतल्याचा कागद कचेरीतून नाहीसा झाला. म्हणजे ते सांगणारा जगात एकच माणूस. एक वाक्य वहिनी, तेवढंच हवं होतं. चार वेळा समन्स गेलं. मी वृंदाला म्हणायचो, काळजी करू नकोस, टपालवहिनींकडे गेलेलं पत्र कधी हरवत नाही. म्हणजे मिळालं असणारच. मिळूनही ते आले नाहीत, आणि समन्सवरचा 'ठावठिकाणा माहीत नाही' हा शेराही त्यांनीच कोणाकडून तरी लिहवून घेतला, असं मी धरून चाललो." त्यांनी चष्म्याच्या काडीचा दोरा घट्ट केला. "माझा जिवाभावाचा माणूस होता तो."

मी कपाटातून वही काढली. कागदाच्या चिठ्ठीवर श्रीकांतरावांचा पत्ता लिहिला, इंग्रजीत. तेच तीस वर्षांचं शाळेचं वळण. चिठ्ठी त्यांना दिली. ते वाचत राहिले, फारच वेळ वाचत राहिले. मग पिशवीतून कोर्टाच्या कागदांचा गठ्ठा काढला, त्यातला एका परत आलेल्या समन्सच्या पाठीचा फोटो टेबलावर चिठ्ठीशेजारी ठेवला. वकिलांनी सगळ्या कागदांचे फोटो काढून घेतले होते. सहीच्या जागी सही नव्हती. पण अक्षर माझंच होतं, बोट दाखवायची गरज नव्हती.

"मीच," मी म्हटलं. "चारही वेळा. मला वाटलं, ते तुमच्याविरुद्ध बोलतील. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवतेय."

मी वाट बघत होते, की आता दिगंबरराव ओरडतील, कप भिरकावतील. मला ते चाललं असतं. ते चिठ्ठीकडेच बघत होते.

"म्हणजे श्रीकांतरावांना काही कळलंच नव्हतं," ते म्हणाले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खरं सांगते, सुटल्यासारखं दिसलं. मग विचारलं, "मी चोरली असं वाटलं तुम्हाला?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "कोर्टाला नऊ वर्षांत वेळ झाला नाही. तुमचा निकाल लगेच लागला होता," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, कागद पिशवीत भरले. दाराशी गेल्यावर वळले. "बागबाजारला आमच्या इमारतीत सगळ्यांची मिळून एक पेटी आहे, पत्रं गहाळ होतात त्यातून. श्रीकांतरावांना उत्तर तुमच्या पत्त्यावर पाठवायला सांगतो."

तो टोमणा होता की काय, हे मला आजतागायत समजलेलं नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. हे आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. या वेळी हे हं म्हणाले नाहीत. उठून दुसऱ्या खोलीत गेले.

अठरा दिवसांनी पत्र आलं. 'श्री. दिगंबर खांबेटे, द्वारा श्री. श्यामकांत मोडक.' मी शनिवारची वाट पाहिली नाही. ट्राम धरून बागबाजारला गेले. वृंदानं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. तिला कळलेलं होतं. दिगंबरराव खाटेवर बसले होते. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, चिकटवलेली कड अंगठ्यानं तपासली, आणि मला ते बघताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पाकीट माझ्याकडेच परत दिलं.

"तुम्ही वाचा. मोठ्यानं."

मी उंबऱ्यात उभी राहून वाचलं.

"प्रिय दिगंबर, तुझं पत्र वाचून रात्रभर डोळा लागला नाही. मला एकही समन्स मिळालं नाही. पोलिसांना मी सांगितलं होतं, त्यांनी ते लिहून घेतलं नाही. कोर्टात बोलवतील तेव्हा सांगू म्हणून थांबलो. बोलावणं आलं नाही तेव्हा समजलो, तू केव्हाच सुटलास आणि माझ्यावर रागावून पत्र टाकत नाहीस. आता लिहून देतो. रजेवर जाताना भांडार तू माझ्या ताब्यात दिलंस. होकायंत्रं चौदा होती. मी स्वतः मोजली. किल्ली तू माझ्या हातात दिलीस. दुसऱ्या दिवशी मला बजबज गावच्या गोदामावर जायला सांगितलं, आणि निघताना किल्ली कचेरीच्या मोठ्या साहेबांनी माझ्याकडून मागून घेतली. तुझ्याकडून काहीही कमी झालेलं नाही."

 वृंदा भिंतीला टेकून खाली बसली होती. दिगंबरराव ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर, कोर्टाच्या बाकावर बसावं तसे.

"होकायंत्रं किती होती?" त्यांनी विचारलं.

"चौदा," मी म्हटलं.

"कोणी मोजली?"

"श्रीकांतरावांनी. स्वतः."

"परत वाचा," ते म्हणाले. मी पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागले.